बॉम जेझूचं चिलखत

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेचे लाल फोटो आपण सगळेच हौसेने काढतो. १५९४ ते १६०५ मध्ये हे चर्च उभं राहिलं. त्याच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. समोरचं से कॅथेड्रल आजही तसंच पांढरं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर, पोर्तुगीज अमलातच, तो गिलावा उतरवला गेला.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी पितो आणि झिजतो. दर्शनी भागावरची नक्षी काळ्या बेसाल्टची, म्हणून ती तग धरते. आत सोनेरी मुलाम्याची वेदी आहे, संत फ्रान्सिस झेवियर यांची गोव्यातच घडलेली चांदीची पेटी आहे. या सगळ्याचं चिलखत म्हणजे तो गिलावा. तो पुन्हा चढवावा, असं माझं मत आहे. फोटो लाल आले नाहीत तरी चालेल.

जय हिंद.