बालकांचे हार्पशिक्षण व मातापित्यांचा वाटा
(ज्युबिलीनिमित्त मातापित्यांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळीतील, परंतु पोटासाठी दूरदेशी राहणाऱ्या एका कुटुंबाने या ज्युबिलीनिमित्त आपणांस बावीस तारांचे एक लहान हार्प दिले आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. गेला महिनाभर ते आमच्या खोलीत आहे. मुले येतात, तारांवरून हात फिरवितात आणि विचारतात, ‘फादर, आम्हांला शिकवाल का?’ मागाहून आईबाप येतात व म्हणतात, ‘आमच्या पोराला तेवढे शिकवून टाका.’ या ‘शिकवून टाका’विषयीच आज दोन शब्द बोलावयाचे योजिले आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडेसे. दावीद राजाच्या हाती जे वाद्य होते त्यास आपल्या मराठी शास्त्रात वीणा म्हटले आहे. विद्वान लोक ते लायर जातीचे, म्हणजे हार्पच्या भावकीतले मानतात. आपल्या देशातही हे वाद्य अगदीच परके नव्हे. चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्त आपल्या सोन्याच्या नाण्यावर मांडीवर वीणा घेऊन बसला आहे, आणि ती वीणा आजच्यासारखी नसून धनुष्याकृती हार्पच आहे. मध्य प्रदेशात मंडला भागातील परधान लोकांच्या ‘बिन-बाजा’त तेच रूप उरले आहे, पण तो वाजविणारी घरे आता थोडीच राहिली.

मोठ्या हार्पला ४७ तारा व सात पायपट्ट्या असतात. आपले लहान आहे, त्यास पायपट्टी नाही. ते उजव्या खांद्यास टेकून वाजवावयाचे. दोन्ही हातांचे अंगठे व तीन-तीन बोटे चालतात, करंगळीस सुट्टी. काही तारा लाल व काही काळ्या असतात, त्यामुळे लहान मुलास सूर डोळ्यांनीही सापडतो. येथवर सारे सोपे आहे. कठीण गोष्ट निराळीच आहे. हे वाद्य रोज जुळवावे लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड आटते, पावसाळ्यात फुगते, आणि काल लावलेली तार आज खाली बसते. सहा वर्षांच्या लेकराच्या हातून चावी फिरविणे व्हावयाचे नाही. मग ते कोणी करावे? आम्ही रोज बावीस घरी फिरावयाचे की काय?

जपानात शिनिची सुझुकी नामक एक व्हायोलिनशिक्षक होऊन गेले. त्यांचा जन्म १८९८ चा व मृत्यू १९९८ चा. त्यांच्या पित्याचा व्हायोलिनचा कारखाना होता. त्यांची पत्नी जर्मन कॅथलिक होती व पुढे तेही कॅथलिक झाले. परंतु आज त्यांचे नाव घेण्याचे कारण ते नव्हे. त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली. जपानातील प्रत्येक मूल, हुशार असो वा मंद, जपानी भाषा बोलते. ही अवघड भाषा त्यास कोणत्या शाळेने शिकविली? आईने. तिने ती हजार वेळा ऐकविली, चुकले तरी हसून घेतले, आणि बाळ ‘आई’ म्हणाले तेव्हा घरभर आनंद झाला. मग वाद्य तसेच का शिकवू नये? म्हणून त्यांनी असा प्रघात पाडला की, आधी आईने एक चाल वाजवावयास शिकावे. मूल पाहते, त्याला हेवा वाटतो, आणि ते आपण होऊन वाद्य मागते. घरी तीच गाणी रोज कानांवर पडू द्यावयाची, पुस्तक मागाहून. व्हायोलिनसाठी निघालेली ही रीत पुढे पियानोस, बासरीस व हार्पसही लागू झाली.

दुसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वेचे. तेथे १६०९ पासून जेझुइट धर्मगुरूंनी ग्वारानी लोकांची गावे वसविली. १६९१ साली तेथे गेलेले फादर अँटोन सेप यांनी त्या लोकांस वाद्ये शिकविली आणि घडवावयासही शिकविले. पुढे १७६७ साली स्पेनच्या राजाच्या आज्ञेने जेझुइटांस तेथून घालवून दिले. शिक्षक गेले, पण हार्प गेले नाही. ते लोकांच्या अंगणात शिरले होते, कानाने ऐकून पोरे शिकत होती. आज तेच त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य आहे. हे वाचले तेव्हा आमच्या मनात आले की, आमची उद्या बदली झाली तर गोरेगावच्या या हार्पचे काय होईल?

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. नामदेवांची आई गोणाई, बाप दामाशेटी, पत्नी, मुले आणि घरी वाढलेली जनाबाई या सर्वांच्या नावे अभंग आहेत. त्या घरात मुलास गाणे शिकविण्यास कोठे धाडावे लागले असेल असे वाटत नाही.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण ती लपवून आपणांस उपदेश करणे बरे नव्हे. तरुणपणी एका गावी आम्ही मुलांस पेटी शिकवीत होतो. सेमिनरीत स्वरलिपी शिकून आलेलो, त्यामुळे ऐट फार. एका मुलाचा बाप मजुरीवरून परत येताना खिडकीखाली बसे आणि पोराबरोबर गुणगुणे. तो भजनी मंडळात वाढलेला. त्याचा सूर आमच्या सरगमीत बसेना. आम्ही नियम केला की, वर्गाजवळ कोणी पालक थांबू नये. बाप येईनासा झाला. ईस्टरनंतर मुलगाही येईनासा झाला. पुष्कळ वर्षांनी तो एका लग्नात भेटला. आम्ही विचारले, पेटी का रे सोडलीस? तो म्हणाला, ‘घरी वाजवली तर बाबा उठून बाहेर जायचे. म्हणायचे, ते फादरचं आहे, मला त्यातलं काय कळतं?’ बापाला कळत होते, बंधुभगिनींनो. न कळणारे आम्ही होतो.

याचा अर्थ छडी घेऊन शेजारी बसावे असा नव्हे. शेजारच्या पोराचे नाव घेऊन आपल्या पोरास हिणविणे, पाहुण्यांपुढे त्यास बळेच वाजवावयास लावणे, हे तर वाद्य सोडविण्याचे हमखास उपाय होत. दहा मिनिटे पुरेत. हळद शिजविण्याच्या दिवसांत तेवढीही मिळणार नाहीत, हे आम्ही जाणतो. तेव्हा पाचच बसा. तार जुळविताना मुलास विचारा, ‘लागली का रे? वर हवी की खाली?’ त्या एका प्रश्नाने त्याचा कान तयार होतो आणि आपल्या आईबापास आपले मत हवे आहे हेही त्यास कळते.

आम्हांस स्वतः अजून तीनच चाली येतात आणि बोटांस फोड आले आहेत ते निराळेच. तथापि तार कशी जुळवावी हे आम्ही शिकलो आहो. हार्प चर्चच्या कपाटात राहणार नाही. ते एकेका घरी पंधरा-पंधरा दिवस जाईल. पहिले सहा आठवडे मात्र वर्ग मोठ्यांचाच, रविवारी मिस्सेनंतर. वही दाराशी ठेविली आहे. तीत मुलाचे नाव मागाहून लिहावे, आधी आईचे किंवा बापाचे लिहावे. लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल; हार्पलाही प्रथम तोच लागतो.