सीट कव्हरखाली दडलेलं बक्कल

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर फोन होल्डरवरच राहू द्या. आज बघायचं काही नाही, फक्त ऐकायचंय.

गेले काही दिवस एकाच प्रश्नाचे मेसेज येतायत. "दादा, पहिली गाडी घेतली. सेकंडहँड हॅचबॅक आहे. आतून एकदम भारी करायचीये. वीसेक हजार बाजूला ठेवलेत. काय काय टाकू?"

आजचा एपिसोड त्यावर. पण आधी माझी गोष्ट ऐका. कारण मीही हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर उलट्या टोकाकडून शोधायला लागलो होतो.

माझी गाडी २०१६ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा कराडला. गाडी हातात आली त्याच आठवड्यात मी ॲक्सेसरीच्या दुकानात. लेदरसारखी दिसणारी सीट कव्हर्स, ज्यांना दुकानात 'सेव्हन डी' म्हणतात तसली जाड मॅट्स, स्टिअरिंगवर गुबगुबीत कव्हर, पायाजवळ निळा लाइट, मोठी टचस्क्रीन. साडेतेवीस हजारांना पडलं. मागच्या सीटला तर सलग एकच कव्हर चढवलं होतं. आई पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "अरे, आपल्या हॉलमधल्या सोफ्यापेक्षा हे चांगलं झालंय की!" मला काय, छाती दोन इंच फुगली.

मग जून आला. आईबाबा पुण्याला आले होते, त्यांना घेऊन कराडला निघालो होतो. बाबा पुढे, आई मागे. शिरवळच्या पुढे पाऊस भुरभुरत होता, वेग साठच्या आसपास. दुभाजकाच्या फटीतून एक दुचाकीवाला अचानक समोर. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली, दुचाकीवाला वाचला, कोणी कोणाला धडकलं नाही. म्हणजे अपघात झालाच नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "काही नाही रे, काही नाही." वळून बघतो तर चष्मा तुटलेला आणि ओठातून रक्त. ती बाबांच्या सीटच्या पाठीवर जाऊन आपटली होती. ओठाला दोन टाके पडले.

एक साधा हिशोब सांगतो. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ब्रेक चाकांना लागतो, माणसाला लागत नाही. गाडी थांबते, आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट गाडीत असते, ती म्हणजे पट्टा.

दवाखान्याबाहेर मी बाबांवरच चिडलो. "आईला पट्टा लावायला का नाही सांगितलं?" बाबा शांतपणे म्हणाले, "कुठे लावणार होती ती? ये, दाखव मला."

मी मागचं दार उघडलं. खांद्यावरचा पट्टा होता. पण तो ज्यात खटकन बसतो ते बक्कल कुठेच नव्हतं. माझ्या त्या सोफ्यासारख्या सलग कव्हरखाली तिन्ही बक्कलं गाडली गेली होती. स्वतः पैसे देऊन मी आईचा पट्टा बंद करून घेतला होता.

हे फक्त माझ्या गाडीत नाही बरं का. आता कोणाच्याही गाडीत मागे बसलो की आधी हात घालून बघतो. बऱ्याच गाड्यांत बक्कल कव्हरखाली असतं, नाहीतर गादीच्या फटीत खाली गेलेलं असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मागे कोण लावतंय?" ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात अहमदाबाद–मुंबई महामार्गावर सायरस मिस्त्रींचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यानंतर महिनाभर सगळे मागच्या पट्ट्यावर बोलत होते. मग विसरले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बीनुसार पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, आणि मागच्या सीटला सूट वगैरे नाही. पण दंडाचं सोडा. आईच्या ओठावर बारीकशी खूण राहिलीय. ती मला पुरते.

असो. दुसऱ्या दिवशी कराडला अंगणात मी आणि बाबांनी गाडी आतून पूर्ण उचकटली. त्या एका सकाळी जे जे सापडलं, तोच आजचा एपिसोड आहे. छोट्या गाडीतल्या नेहमीच्या तक्रारी बहुतेक यातच येतात.

पहिलं, बक्कलं. कव्हर काढलं, तिन्ही बक्कलं वर घेतली. गावातल्या एका कुशनवाल्या काकांनी कव्हरला बक्कलांच्या जागी चिरा पाडल्या आणि कडा शिवून दिल्या. खर्च ३०० रुपये. घरात लहान बाळ असेल तर अजून एक बघा. चाइल्ड सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या पाठ आणि गादी यांच्या मधल्या फटीत असतात. कव्हर त्याही झाकतं.

दुसरं, ओलावा. जाड मॅट उचललं तर खालचा गालिचा चिंब! दोन महिने गाडीला कुबट वास येत होता आणि मी त्यावर परफ्यूम टांगत होतो. हे पाणी कुठून येतं ते ओळखायची सोपी रीत सांगतो. एसी चालू असताना आत बाष्पाचं पाणी होतं. ते एका बारीक नळीतून गाडीखाली टपकायला हवं. उन्हाळ्यात गाडीखाली दिसतं ना पाणी, तेच. ती नळी धुळीने तुंबली की पाणी आत उतरतं, बहुतेकदा डाव्या बाजूला पायाशी. तेव्हा कोरड्या दिवशी एसी लावून गाडी चालवल्यावरही गालिचा ओला होत असेल, तर आधी नळी तपासायला सांगा. फक्त पावसानंतरच ओला होत असेल, तर दाराचं रबर बघा. आणि पुढच्या काचेखालची जाळी बघा, जिथे वायपर असतात ती. झाडाखाली गाडी लावत असाल तर तिथे पानांचा चिखल साचतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी आत शिरतं. माझ्याकडे गुलमोहराची पानं निघाली, मूठभर. आणि ओलं चिकट असेल, गोडसर वास येत असेल, तर ते पाणी नाही, कूलंट आहे. मग घरी प्रयोग नकोत, सरळ मेकॅनिककडे.

गालिचा ओला ठेवून वर मॅट घातलं की ओल तिथेच कोंडते. खालच्या फोममध्ये मुरते, पुढे पत्रा गंजतो, वायरिंगचे जोड खराब होतात. म्हणून आधी गालिचा उचलून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, मग पुढचं.

तिसरं, वास आणि हवा. केबिन फिल्टर नावाची एक चपटी जाळी असते. खूप गाड्यांत ती ग्लोव्हबॉक्सच्या मागे बसते. ग्लोव्हबॉक्स सोडवायचा, जुना फिल्टर ओढून काढायचा, नवीन घालायचा. त्याच्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो तेवढा बघायचा. दहा मिनिटांचं काम, स्क्रू ड्रायव्हरही बहुधा लागत नाही. काही स्वस्त व्हेरिएंटना हा फिल्टर दिलेलाच नसतो, नुसती जागा असते, तेव्हा माहितीपुस्तिका बघून घ्या. माझा काढला तर काळाकुट्ट, मध्ये एक वाळकं पान. एसी गार करत नाही म्हणून गॅस भरायला निघालेल्या किती जणांचं काम नुसत्या फिल्टरवर भागलं असतं!

आणि एक सवय लावा. घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करा, पंखा चालू ठेवा. आतली कॉइल वाळते आणि तो आंबट वास कमी होतो. तसंच लांबच्या प्रवासात आतलीच हवा फिरवणारं बटण तासन्‌तास चालू ठेवू नका. चार माणसांच्या श्वासाने छोट्या केबिनमधला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि डोळे जड होतात. ड्रायव्हरचेही.

चौथं, खडखड. छोट्या गाडीत प्लास्टिक जास्त, त्यामुळे आवाज येतोच. पण लगेच स्पीकरचा आवाज वाढवू नका. मित्राला गाडी चालवायला द्या, आपण बाजूला बसा आणि डॅशबोर्ड, दाराचा पॅनल, सीटबेल्टचा खांब असं एकेक हाताने दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे दोष. फटीत कापडी टेप लावली की बऱ्याचदा काम होतं. माझ्या गाडीत मागून टकटक यायची. मी सस्पेन्शन गेलं म्हणून धास्तावलो होतो. निघालं काय? स्टेपनीजवळचा जॅक सैल होता. बाबांनी तो जुन्या टॉवेलात गुंडाळला. टकटक बंद, खर्च शून्य.

हे सगळं झाल्यावर मी काय ठेवलं आणि काय काढलं, ते सांगतो.

स्टिअरिंगचं गुबगुबीत कव्हर काढलं. वळण घेताना ते हातात फिरायचं. निळा लाइट काढला, कारण बसवणाऱ्याने वायर सोलून नुसती टेप गुंडाळली होती. वायर कापून, सोलून जोडलेली कुठलीही गोष्ट गाडीत नको. शॉर्टसर्किटची भीती असते. आग लागायला तेवढं पुरतं, वॉरंटीचा वाद तर पुढची गोष्ट. कपलरला कपलर जोडून काम होत असेल आणि फ्यूज दिलेला असेल तरच बसवा.

मॅट्स बदलली. ड्रायव्हरकडचं मॅट कंपनीच्या हुकमध्ये अडकलेलं हवं. मॅटवर मॅट कधीच नाही. गाडी बंद ठेवून तिन्ही पेडल पूर्ण दाबून बघा, कुठेही मॅट अडकता कामा नये.

मग डॅशबोर्डवरचा गणपती. माझ्या गाडीला पुढे दोन एअरबॅग आहेत, आणि मूर्ती चिकटवली होती नेमकी डाव्या एअरबॅगच्या झाकणावर. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. तिथे जे काही चिकटवलंय ते थेट समोरच्याच्या तोंडावर येतं. आईला सांगायला मी जरा कचरत होतो. तीच म्हणाली, "बाप्पाला अशा जागी कशाला बसवायचं जिथून तोच उडेल? मध्ये बसव की." बसवला.

सीटच्या कुशीला 'एअरबॅग' लिहिलेलं लेबल असेल तर बाजूची एअरबॅग सीटमध्येच आहे. तिथे सलग कव्हर चढवायचं नाही. त्या जागी उघडं असलेलं किंवा त्यासाठीच शिवलेलं कव्हर मिळतं, तेच घ्या.

काळ्या फिल्मबद्दलही विचारता तुम्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचेवर चिकटवायच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. नियमात काचेतून प्रकाश जायचं प्रमाण पुढे-मागे किमान ७० टक्के, बाजूला किमान ५० टक्के असं आहे. दुकानदार "चालतंय हो" म्हणेल, पण चौकात तो आपल्याबरोबर नसतो. ऊन लागतंय? पार्किंगमध्ये पुढच्या काचेला चांदीसारखा पडदा लावा, दोन-तीनशेत येतो.

आणि एक वस्तू चुकूनही घेऊ नका, ती म्हणजे पट्टा न लावता बझर बंद करणारी क्लिप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती काढून टाकायला लावली. चाळीस-पन्नास रुपयांची क्लिप, पण काम तेच करते जे माझ्या साडेतेवीस हजारांनी केलं होतं.

टचस्क्रीन ठेवली मी, रिव्हर्स कॅमेऱ्यासकट. उपयोगाची आहे. आतला पिवळा दिवा बदलून पांढरा एलईडी लावला, त्याच होल्डरमध्ये बसणारा. तुमच्याकडे वीस हजार असतील तर क्रम असा ठेवा. आधी पट्टे आणि बक्कलं. मग पाणी. मग हवा आणि आवाज. इथपर्यंत दोन-तीन हजारांतही भागू शकतं. उरलेल्यात मग खुशाल हौस करा, कोणी अडवत नाही.

जाता जाता एक काम देतो. एपिसोड संपला की गाडीपाशी जा. स्वतःची नसेल तर घरच्यांची, मित्राची. मागच्या सीटवर बसा आणि तिन्ही पट्टे एकदा खटकन लावून बघा. दोन मिनिटं लागतील. बक्कल सापडलं नाही तर तिथूनच मला व्हॉइस नोट पाठवा.

आमच्याकडे आता असं झालंय की आई मागे बसते, पट्टा लावते, आणि गाडी सुरू करायच्या आधी मलाच विचारते, "तू लावलास का रे?"

लावलाय, आई.

चला मंडळी, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा.