परसबाग आणि सापांपासून सावधगिरी



पावसाळा लागला की घरामागच्या परसाला कळा येते. न्हाणीच्या पाण्यावर अळू माजतो, कुंपणावर दोडक्या-कारल्याचे वेल चढतात, मांडवाखाली दुधी लोंबू लागतो. दोन वाफे मेथीचे, चार झाडे वांग्या-मिरचीची, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता. एवढे असले की रोजच्या कालवणाची चिंता मिटते. पण याच दिवसांत या हिरवाईत एक न बोलावलेला पाहुणाही येऊन राहतो. आज त्याच्याविषयी, म्हणजे सापाविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत.

विषय किरकोळ नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिलेला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. आपली परसबाग भरात असते, तेच हे चार महिने.

मी डॉक्टर नाही आणि सर्पतज्ज्ञही नाही. महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा सुरुवात एका म्हणीपासूनच करतो. ‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण आपण फुकटखाऊ माणसाला लावतो. पण जुन्या लोकांनी तीत सापाची सवय किती नेमकी टिपली आहे पाहा! नागाला स्वतः बीळ खणता येत नाही. बीळ खणतो उंदीर. नाग त्या बिळात शिरतो, उंदीर खातो आणि तिथेच मुक्काम करतो. म्हणजे जेवणही आयते आणि घरही आयते. आता उंदीर आपल्या परसात का आला? तर कोंबड्यांना टाकलेले दाणे तिथे पडून होते, खरकटे होते, कणग्या-पोत्यांतून सांडलेले धान्य होते म्हणून. न्हाणीचे पाणी साचले की डास-किडे येतात, त्यांच्या मागे बेडूक येतात, आणि बेडकांच्या मागे पुन्हा सापच येतो. त्याचे आपल्याशी वैर नसते. डूख धरून सूड घेतो वगैरे गोष्टी कथा-सिनेमांतल्या. तो येतो खायला आणि लपायला. या दोन सोयी आपण काढून घेतल्या, की त्याचे आपल्या परसातले काम संपले.

त्या कशा काढायच्या ते आता पाहू. दाणे टाकायचे तर कोंबड्या खातील तेवढेच टाका, आणि संध्याकाळी उरलेले झाडून घ्या. उंदरांची बिळे दिसतील ती खडी-माती ठासून बुजवा. मात्र बिळात हात घालून पाहू नका. न्हाणीचे पाणी साचू देऊ नका. पाट काढून ते केळीला, अळवाला फिरवा, किंवा शोषखड्डा करा. सरपण, गोवऱ्या, विटा, जुनी कौले, मोडके पत्रे यांचे ढीग घराच्या भिंतीला टेकवून कधीही रचू नयेत. सरपण जमिनीपासून हात-दीड हात उंच मांडणीवर रचावे, म्हणजे खालचे मोकळे दिसते. खताचा खड्डा घरापासून आणि वहिवाटीपासून दूर असावा. वाफ्यांवर पाल्याचे आच्छादन घालावे असे हल्ली सांगतात. त्याने ओल टिकते, हे खरे आहे. पण ते पातळ पसरा आणि पायवाटेवर येऊ देऊ नका. वाफ्यांमधून दोन हात रुंदीची स्वच्छ वाट ठेवा. मांडव डोक्याएवढा उंच करा आणि वेलांच्या बुडाशी हातभर उंचीपर्यंतची पाने काढून टाका. पाखरांसाठी नायलॉनची जाळी लावत असाल, तर ती जमिनीवर लोळू देऊ नका. साप तीत अडकतो, आणि त्याला सोडवायला जाणारा माणूस दंश करून घेतो.

आता पाहुण्याची ओळख. आपल्या देशात सापांच्या तीनशेवर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी आहेत. धामण, दिवड, नानेटी, मांडूळ यांपासून माणसाच्या जिवाला धोका नाही. धामण तर उंदीर खाऊन शेतकऱ्याची चाकरीच करते. महाराष्ट्रात जिवावर बेतणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग डिवचला की फणा काढतो, म्हणून तो ओळखू येतो. घोणस जाड, तपकिरी. तिच्या अंगावर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. डिवचली तर ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार टाकते. एरवी पाल्यात निपचित पडून राहते, पावले वाजली तरी पुष्कळदा हलत नाही. ती अंडी न घालता पिलांनाच जन्म देते, आणि पिलूही विषारीच असते, बरं का! फुरसे लहान, जेमतेम हात-दीड हाताचे, कोकणात आणि खडकाळ माळावर विशेष. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते करकर आवाज करते. मण्यार काळी-निळसर, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. ती निशाचर आहे, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश इतका हलका असतो की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. पण हे वर्णन ऐकून अंधारात साप ओळखायला जाऊ नका. निरुपद्रवी कवड्या आणि मण्यार यांत भलेभले फसतात. ओळख पटली नाही, तर साप विषारी आहे असेच धरून चालावे.

बागेत वावरताना एकच नियम पाळायचा: आधी डोळा, मग हात. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही आणि दिसत नाही तिथे पाय टाकायचा नाही. ऐकायला सोपे वाटते. पण आपण करतो काय? दिवे लागणीला आमटीत घालायला कढीपत्ता हवा म्हणून गृहिणी अनवाणीच परसात जाते, अंधारात हात लांबवते. गळून पडलेला शेवगा पाल्यातून चाचपून काढते. सकाळी उठून ढिगातून हातानेच गोवऱ्या ओढते. स्वयंपाकाचा आणि परसाचा भार बहुतेक घरांत बायकांवरच असतो, म्हणून हे धोकेही त्यांच्याच वाट्याला येतात. तेव्हा पुरुष मंडळींनी नीट ऐकावे. घरात एक चांगली बॅटरी आणि मागच्या दाराशी एक जोडी गमबूट ठेवणे हा चैनीचा खर्च नव्हे. भाजी उजेडीच तोडून ठेवावी. पाला ओढायला लांब दांड्याचे दंताळे वापरावे. ढिगातली वीट किंवा लाकूड उचलण्याआधी काठीने हलवून पाहावे. चालताना काठी आपटत जावे. सापाला बाहेर दिसणारे कान नाहीत, पण जमिनीचा हादरा त्याला चटकन कळतो, आणि नाग किंवा धामण बहुधा निघून जाते. घोणस मात्र जागची हलेलच असे नाही; म्हणून काठीबरोबर उजेडही हवाच. रात्री शक्य तर खाटेवर झोपावे, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. मण्यारीपासून वाचवणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

काही जण कुंपणालगत फिनेल ओततात, कार्बोलिक ॲसिड ठेवतात, लसूण नाही तर एखादी वनस्पती लावतात. यांतल्या कशानेही साप अडतो याची खात्री नाही. कार्बोलिक ॲसिडने मात्र लेकराचा हात भाजू शकतो. या भरवशावर बॅटरी घरात ठेवून बाहेर पडणे फार महागात पडते.

इतके करूनही दंश झालाच तर? माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने सांगितलेली हकीकत ऐका. त्याची आई तिन्हीसांजेला अळूची पाने खुडायला गेली आणि पायाला घोणस चावली. पाय सुजू लागला. शेजारच्यांनी घोट्याच्या वर सुतळी आवळली आणि तिला पलीकडच्या गावी उतरवणाऱ्याकडे नेले. तिथे लिंबाचा पाला, मंत्र, नारळ यांत चार तास गेले. मध्यरात्री हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा कुठे दवाखाना आठवला. बाई वाचली, पण मूत्रपिंडे बिघडली होती. तीन आठवडे यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागले आणि त्यापायी दावणीची बैलजोडी गेली. सरकारी दवाखाना त्यांच्या घरापासून नऊ किलोमीटरवर होता, आणि तिथे ते औषध फुकट मिळत होते.

म्हणून दंश झाला की काय करायचे ते पाठ करून ठेवा. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, पळू तर मुळीच देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. मागाहून सूज चढली की ती रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तशी पट्टी किंवा फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवा. सुतळी-दोरी आवळू नका. रक्त अडून पुढचा भाग सडण्याची भीती असते. जखम कापू नका, चोखू नका, तिच्यावर बर्फ किंवा चुना लावू नका. दारू पाजू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती यायला उशीर लागणार असेल, तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या, पण न्या. सापाला पकडण्यात किंवा मारण्यात वेळ दवडू नका. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे मेलेला साप डॉक्टरांपुढे नेण्याची गरज नाही. शिवाय मेलेल्या सापाचे तोंडही चावू शकते.

आणखी एक. दंशाची खूण दिसली नाही म्हणून बेफिकीर राहू नका. पहाटे कोणी पोटात कळ येते, घसा धरला, पापण्या जड झाल्या असे म्हणू लागला, तर ती मण्यार असू शकते. अपचन समजून ओवा देत बसू नका. मण्यारीच्या विषाने श्वास बंद पडतो. अशा रोग्याला प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वासाच्या यंत्राचीही गरज लागू शकते, आणि ती सोय फक्त दवाखान्यातच असते.

यावर कोणी म्हणेल, “आमच्या गावात तर मंत्राने कितीतरी माणसे बरी झाली.” झाली असतील, पण का झाली ते पाहा. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. अशी माणसे काही न करताही बरी झालीच असती. श्रेय मात्र मंत्राला मिळते. आणि खरोखर विष भिनलेला माणूस दगावला, की लोक म्हणतात त्याची वेळच भरली होती! हा हिशेब चुकीचा आहे. उतरवणारा माणूस आपल्या गावचा आणि मायेचा असेल, तर त्यालाच विनंती करा, “बाबा, तुम्हीही गाडीत बसा. मंत्र वाटेत म्हणा, पण गाडी दवाखान्याकडेच जाऊ द्या.”

परसात साप दिसला तर लगेच काठी घेऊन धावू नये. पुष्कळ दंश सापाला मारण्याच्या आणि पकडण्याच्या धडपडीत होतात. मुले-जनावरे बाजूला घ्या, दूर उभे राहून नजर ठेवा आणि त्याला जायला वाट द्या. घरातच शिरला असेल, तर वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षणही दिलेले आहे. नागपंचमीला खणू नये, नांगरू नये, चिरू नये असे आपल्याकडे सांगतात. ऐन श्रावणात, बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडलेले असताना निदान एक दिवस तरी मातीत हात घालू नये, हा त्यातला शहाणपणा आपण घेऊ. दूध पाजण्याचे मात्र सोडून देऊ. साप दूध पिऊन जगणारा प्राणी नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. अनेक शाळांतून आज परसबागा आहेत, आणि त्यांतली भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणात जाते. काम फार चांगले आहे. पण मुलांना वाफ्यात सोडण्याआधी एका मोठ्या माणसाने काठी घेऊन बागेत फेरी मारावी. चेंडू वेलात गेला तर हात घालून काढायचा नाही, ही शिस्त पहिलीपासून लावावी. १०८ हा आकडा, आणि प्रतिविष मिळणाऱ्या सर्वांत जवळच्या दवाखान्याचे नाव शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. ते औषध तिथे आहे की नाही, याची चौकशी पावसाळ्याआधीच करावी. मुले ते वाचतील आणि घरी जाऊन सांगतील. घाबरलेल्या घरात रात्री दहा वाजता कुठे जायचे हे एखाद्या चौथीतल्या मुलीला ठाऊक असले, तरी एक जीव वाचू शकतो.

आज संध्याकाळी परसात जाताना पायांत काहीतरी घाला, हातात बॅटरी घ्या, आणि आधी बघा. भाजी मग खुडा.