बंद दाराची कडी

(ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या लोकजागृतीचे बोधचिन्ह कसे असावे, याविषयी आपणांशी विचारविनिमय करावयाचा आहे. चिन्हाचे सामर्थ्य आपणांस अपरिचित नाही. १९६० नंतरच्या दशकात कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगविला गेला. अक्षरओळख नसलेला माणूसही तो ओळखीत असे. कारण आकृती सोपी, रंग एक, आणि तो जेथे दिसे तेथे सेवा मिळे.

घरातील हिंसाचाराचे चिन्ह करणे मात्र अधिक कठीण आहे. चित्रकार बहुधा उगारलेली मूठ किंवा सुजलेला चेहरा काढतो. त्याने कणव उत्पन्न होते, परंतु कार्य साधत नाही. २००५ च्या संरक्षण कायद्याने शारीरिक छळाबरोबरच लैंगिक, शाब्दिक व भावनिक, तसेच आर्थिक छळही हिंसाचार मानला आहे. जिला रोज टाकून बोलले जाते, जिच्या हातचा पैसा काढून घेतला जातो, ती स्त्री त्या सुजलेल्या चेहऱ्यात स्वतःला पाहत नाही. शिवाय असे पत्रक घरी नेणेच तिला धोक्याचे ठरते.

या दृष्टीने २००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने सुरू केलेली ‘बेल बजाओ’ मोहीम अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या चित्रफितींत शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो; कोणी तरी जाऊन घंटी वाजवितो आणि काही साधेसे निमित्त सांगतो. जखम कोठेही दाखविलेली नाही. घंटी हेच चिन्ह, आणि तीच कृती! त्या कृतीला कायद्याचाही आधार आहे. कलम ४ अन्वये हिंसाचार घडल्याचे वाटण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकते. सद्हेतूने कळविणाऱ्यावर त्याबद्दल दायित्व येत नाही.

आपल्या खेड्यांतील अनेक घरांना घंटी नसते, कडी असते. तेव्हा आपले चिन्ह दाराची कडी का असू नये? ते एकाच रंगात, गेरूनेही काढता यावे आणि रबरी शिक्क्यावरही स्पष्ट उमटावे. रंग कोणत्याही पक्षाचा वा पंथाचा वाटू नये. ‘सहन करू नका’ असे लिहिल्याने सारा भार त्या स्त्रीवरच पडतो. त्याऐवजी ‘तुम्ही एकट्या नाही’ असे लिहावे व खाली १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक द्यावा. स्त्रियांनी जवळ बाळगावयाच्या चिठ्ठीवर मात्र चिन्ह नको, केवळ क्रमांक असावा. भिंत रंगविण्यापूर्वी कच्चे चित्र गावातील स्त्रियांना दाखवावे आणि “यात काय दिसते?” एवढेच विचारावे.

शेवटी, चिन्ह म्हणजे एक वचन होय. ज्या कार्यालयावर ते रंगविले जाईल, तेथे येणाऱ्या स्त्रीला “घरचे भांडण घरातच मिटवा” असे सांगून परत पाठविले गेले, तर त्या रंगाला काहीच अर्थ उरणार नाही. यास्तव आधी आपल्या कचेरीचे दार उघडे ठेवू या आणि मगच भिंतीवर कडी रंगवू या.