दोरी ओढून दमण्याआधी

पाऊस सरला की कोकणातल्या बागांमध्ये आंब्या-काजूच्या वाळक्या फांद्या काढायची घाई सुरू होते. चार महिने पडवीत पडून असलेली चेनसॉ मशीन बाहेर निघते. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण मशीन काही चालू होत नाही. मग हात जातो कार्बोरेटरच्या स्क्रूंकडे. तिथे हात सर्वांत शेवटी लावायचा, एवढंच आज सांगायचं आहे.

सुरुवात स्पार्क प्लगपासून करा. मशीन थंड असताना प्लग खोलून टोक बघा. ते ओलंचिंब असेल तर पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसून बाजूला ठेवा आणि स्विच बंद ठेवून, चोक न लावता, दोरी आठ-दहा वेळा ओढा. साचलेलं पेट्रोल बाहेर पडेल. विडीकाडी अर्थातच लांब. टोक कोरडं असेल, तर पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतच नाही.

अशा वेळी टाकीपासून माग काढायचा. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून थोडं थांबा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. तळाशी वेगळा थर बसला किंवा उग्र, आंबूस वास आला, तर ते मशीनला पाजू नका. ताजं मिश्रण करा. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिलिलिटर टू-टी ऑइल, 25 ला 1 असेल तर 40. नुसत्या पेट्रोलवर चालवलीत तर पिस्टन जाम झालाच म्हणून समजा.

आता वाकडी तार टाकीत घालून आतली नळी वर काढा. तिच्या टोकाला छोटा फिल्टर असतो. तो काळा, चिकट झाला असेल तर बदला. नळी बोटांत वाकवून बघा. बारीकशी चीर असली तरी पेट्रोलऐवजी हवा खेचली जाते.

मशीन चालू होऊन थोड्या वेळात बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि मशीन पुन्हा नीट चालली, तर टाकीत हवा जायची वाट तुंबली आहे.

हे सगळं ठीक असूनही प्लग कोरडाच राहिला, तर कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक झाला असण्याची शक्यता आहे. तो मिस्त्रीकडून बदलून घ्या. आणि पुढच्या पावसाआधी टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच ठेवून द्या.