नडगीचे दुखणे आणि भरतीची तारीख



गुरू गोविंदसिंगजींच्या अखेरच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या गोदातीरावर, लातूरकर मंडळींच्या बरोबरीच्या श्रमांतून भरलेल्या अस्थिरोगतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञांच्या या परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. यजमानाने आपल्या नगरीचे माहात्म्य गावे असा प्रघात आहे. परंतु ते आपण जाणताच, सबब ज्यांच्या पायांसाठी आपण येथे जमलो त्यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याची मुभा घेतो.

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मुखेड, कंधार, औसा, निलंगा या तालुक्यांतील वाड्यातांड्यांवरून मुले-मुली शहरातल्या भाड्याच्या खोल्यांत दाखल होतात आणि मुलांचे १६०० व मुलींचे ८०० मीटर डोळ्यांपुढे ठेवून पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावू लागतात. झिजल्या तळव्यांचे बूट, मुदत थोडी आणि अंतर एकदम वाढवलेले. हाडाला आपली सूक्ष्म झीज भरून काढण्यास अवकाशच न मिळाल्याने नडगीची आतली कड ठणकू लागते.

निलंग्याकडचा असाच एक मुलगा माझ्याकडे आला. घोट्याच्या वरून अंगठा दाबत नेला तेव्हा चांगले वीतभर दुखले, आणि मला हायसे वाटले. कारण दुखणे एकाच बोटाएवढ्या जागी असते तर हाडाला चीर गेल्याचा संशय घ्यावा लागला असता. मी सुचवलेल्या उपचाराचे शॉकवेव्ह हे नाव ऐकताच त्याने विचारले, "डॉक्टर, करंट बसतो का?" मी यंत्राची मूठ त्याच्या हाती दिली आणि सांगितले, की यात वीज अंगाला लागत नाही, हवेच्या दाबाने आतली लहानशी गोळी टोकावर आपटते आणि तो आघात दाबाच्या तरंगरूपाने हाडापर्यंत पोचतो. १९८० साली म्युनिकमध्ये रुग्णाचा मुतखडा शरीराबाहेरून फोडण्यासाठी जे तत्त्व प्रथम योजले गेले, त्याचेच हे सौम्य रूप. त्याचा दुसरा प्रश्न मात्र अवघड होता: "मैदानी चाचणीला एकवीस दिवस राहिलेत, तोवर पळता येईल का?"

या प्रश्नाला आपल्या शास्त्राजवळ काय उत्तर आहे? २०१२ साली नडगीचे हेच दुखणे असलेल्या हॉलंडमधील ४२ खेळाडूंच्या अभ्यासात, क्रमाक्रमाने धावणे वाढवण्याच्या जोडीला ही चिकित्सा मिळालेले सरासरी सुमारे ६० दिवसांत बरे झाले आणि नुसत्या धावण्याच्या क्रमावर राहिलेल्यांना सुमारे ९२ दिवस लागले. परंतु त्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि २०१७ सालच्या एका छोट्या चाचणीत खरे तरंग व नाममात्र तरंग यांत लक्षणीय अंतर आढळले नाही. मी स्वतः हा उपचार करतो आणि काहींना त्याने लवकर उतार पडताना पाहतो. तरी साठ दिवसांचे एकवीस झाल्याची ग्वाही देण्यास माझी जीभ धजत नाही.

एकदा धजली होती. कंधारकडच्या एका मुलीचा एक्स-रे स्वच्छ आला, तिची तारीख जवळ आली होती, आणि कोवळी चीर एक्स-रेत पुष्कळदा उमटत नाही हे ठाऊक असूनही मी एमआरआयचा आग्रह न धरता, तरंग देऊन तिला धावण्याची परवानगी दिली. तेराव्या दिवशी तिचा भाऊ तिला उचलून घेऊन आला. तिची ती भरती हुकली. पुढच्या भरतीला वयाची अट आडवी आली. तिने मला बोल लावला नाही, म्हणून ते अधिकच सलते.

प्रतिनिधींच्या निवासाची व भोजनाची तजवीज समितीने आपल्या शक्तीप्रमाणे केली आहे. उणीव भासल्यास निःसंकोच सांगावी. उद्या चर्चासत्रांपूर्वी, पहाटे पाच वाजता, विष्णुपुरीकडील रस्त्यावर मुलांचा सराव पाहण्यासाठी निवासस्थानाच्या दारात गाडी उभी राहील. ज्यांना यावयाचे आहे त्यांनी बरोबर मोजपट्टी आणावी. बुटांचे तळवे पाहावयाचे आहेत.