सोयाबीन विकावे की साठवावे?



सोयाबीनची मळणी आटोपताच बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: माल आज विकावा की थांबावे? बाजारभाव त्याच्या हाती नाही. परंतु कोणत्या भावाला जमाखर्चाची तोंडमिळवणी होते, हे त्याला काढता येते.

यात दोन हिशेब आहेत. त्यांची गल्लत होता कामा नये. पहिला उत्पादनखर्चाचा. एकरी खर्च २४,००० रुपये धरला, तर सहा क्विंटल उताऱ्याला क्विंटलमागे ४,००० रुपये पडतात. पावसाने उतारा चारवर आणला की ६,०००. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ५,३२८ रुपये हमीभाव ठरविला, तो ३,५५२ रुपये खर्चाच्या दीडपट. त्या खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरली आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरलेले नाही. हा हिशेब सरकारशी भांडण्याचा आहे.

दुसरा हिशेब साठवणुकीचा. झालेला खर्च आता विकल्याने वा साठविल्याने बदलत नाही. थांबण्याचा खर्च पुढच्या भावातून निघेल काय, एवढाच येथे प्रश्न. आजचा भाव ४,२०० रुपये समजा. चार महिन्यांचे भाडे व हमाली ६० रुपये आणि वजनातील घट दोन टक्के धरा. देणी भागविण्यास ३,१५० रुपये आजच हवेत. ते सावकाराकडून दरमहा शेकडा तीनने उचलले, तर व्याज ३७८ रुपये होते; भाव ४,७३३ वर गेल्याविना थांबणे आतबट्ट्याचे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामातील मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, सालिना ६ टक्क्यांनी कर्ज मिळते. तेथे व्याज ६३ रुपये, आणि ४,४११ चा भाव पुरतो. भाव वाढेलच याची हमी कोणी देत नाही. म्हणून सगळा माल अडकवू नये, हेही सांगितले पाहिजे.

माल तोच, महिने तेच. अंतर पडले ते व्याजाच्या दराने. ज्याची देणी दाराशी उभी आहेत, त्याला ‘थांबायला शिका’ असा उपदेश करणे व्यर्थ आहे. तारण योजना १९९०-९१ पासून आहे. आपापल्या बाजार समितीत जाऊन विचारा: गोदामात जागा किती, कर्ज किती अल्पभूधारकांना मिळाले, आणि पैसे किती दिवसांत हाती पडले? हे तीन आकडे मिळविणे हे या हंगामातील आपले काम आहे.